पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

परीक्षा जवळ आली की बहुतेक मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात, महत्त्वाच्या ओळींवर हायलायटर फिरवतात आणि सगळं ओळखीचं वाटू लागलं की पुढच्या धड्याकडे वळतात. मेहनत खरी असते, वेळही भरपूर जातो. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं. उत्तरपत्रिकेत कामाला येतं ते दुसरं.

हा फरक हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली मोजून दाखवला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो फक्त वाचायचा होता. त्यांचा तो सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचायचं आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढं लिहून काढायचं. यांचं वाचन झालं जेमतेम साडेतीन वेळा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना 61 टक्के. गंमत म्हणजे ‘आठवड्याने किती लक्षात राहील?’ असं विचारल्यावर जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच वाटत होती.

आठवून बघण्याइतकंच महत्त्व आहे दोन उजळण्यांच्या मधे जाणाऱ्या वेळाला. तो वेळ का लागतो, हे कळण्यासाठी दोन चेतापेशींच्या जोडणीपर्यंत खाली उतरावं लागतं. जीवशास्त्रातली ही मला सगळ्यात सुंदर वाटणारी यंत्रणा आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळू.

दोन चेतापेशींमध्ये अगदी बारीक फट असते, साधारण 20 नॅनोमीटरची. संदेश आला की पहिली पेशी या फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते आणि पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर ते टिपतात. त्यातले दोन प्रकार आपल्या कामाचे. पहिला ‘ॲम्पा’. याला ग्लुटामेट चिकटलं की तो लगेच उघडतो आणि सोडियमचे आयन आत येतात. दुसरा ‘एनएमडीए’. याला ग्लुटामेट चिकटलं तरी वाट मोकळी होत नाही, कारण वाटेत मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो. पेशीची आतली बाजू ऋणभारित असते, म्हणून धनभारित मॅग्नेशियम तिथे ओढला जाऊन घट्ट बसतो. ॲम्पामधून पुरेसा सोडियम आत आला, ऋणभार उतरला, तरच ही पकड सुटते. म्हणजे पाठवणारी पेशी आणि घेणारी पेशी एकाच वेळी सक्रिय असाव्या लागतात. या दोन अटी जुळल्यात की नाही, हे एकटा रेणू तपासतो!

बूच निघालं की कॅल्शियम आत शिरतं. त्याने ‘कॅम-कायनेज 2’ हे एन्झाइम जागं होतं आणि आणखी ॲम्पा रिसेप्टर त्या जागी आणून बसवले जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला मोठा प्रतिसाद मिळतो. जोडणी अशी बळकट होते हे टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी 1973 साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, दाखवलं होतं. मात्र हा बदल टिकायचा तर पेशीकेंद्रातली जनुकं चालू होऊन नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. 2012 साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या पातळ कापांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकदा विद्युत उद्दीपन दिल्यावर तेच 10 किंवा 30 मिनिटांनी पुन्हा दिलं, तर जोडण्यांच्या बळात काही भर पडली नाही. तासाभराने दिलं, तेव्हा पडली. आणि ती पडली पहिल्या फेरीत उंबरठ्याशी येऊन थांबलेल्या, न बदललेल्या जोडण्यांमध्ये. तासाभराचा हा आकडा मेंदूच्या कापांवरचा आहे, त्यावरून कोणी वेळापत्रक आखू नये. पण लागोपाठ केलेली दुसरी फेरी वाया का जाते, याचा माग इथे लागतो.

माणसांवरच्या प्रयोगांत अंतरं अर्थातच मोठी निघतात. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली तेराशेहून अधिक लोकांना नवी माहिती शिकवून वेगवेगळ्या अंतरांनी उजळणी करायला लावली. उजळणीनंतर आठवड्याने परीक्षा असेल तर पहिल्या वाचनात आणि उजळणीत साधारण एका दिवसाचं अंतर उत्तम ठरलं. सत्तर दिवसांनी असेल तर सुमारे तीन आठवड्यांचं.

याच हंगामात स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि सिरपांच्या जाहिराती जोरात असतात. निरोगी मुलाला धडा लक्षात ठेवून देईल असं सिद्ध झालेलं औषध नाही, पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत. ‘तुमचा मुलगा बघून शिकणारा की ऐकून शिकणारा’ हे सांगणाऱ्या चाचण्यांचंही तेच. त्यानुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असं 2008 साली या विषयाचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी स्पष्ट लिहिलं आहे.

झोपेचं मात्र तसं नाही. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना 1994 साली दिसलं की जागेपणी फिरताना उंदराच्या ज्या पेशी एकत्र सक्रिय होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र सक्रिय होतात. दिवसाची उजळणी झोपेत चालते ती अशी. किशोरवयात 8 ते 10 तास झोप लागते. शिवाय या वयात झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे रात्री लवकर झोप न येणं हा मुलांचा आळस नव्हे.

करायचं काय, तर पचनसंस्थेचा धडा एकदा नीट वाचून पुस्तक मिटायचं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंतचा प्रवास आठवून लिहायचा, आकृतीसुद्धा. स्वादुपिंड कुठे जोडलंय इथे गाडी अडते, पित्तरस कोण तयार करतं ते सुचत नाही. लगेच पान उघडायचं नाही, मिनिटभर डोकं खाजवायचं. मग पुस्तकाशी ताडून चुकलेलं लाल पेनाने लिहायचं आणि दोन-तीन दिवसांनी नवा कागद घेऊन सुरुवात या लाल ओळींपासून करायची.