नव्वद टक्के ‘हो’, तरी कायदा नाही

डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हुक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गोळीबारात मारली गेली. नंतरच्या जनमत चाचण्यांमध्ये जवळपास 90 टक्के अमेरिकन म्हणाले, बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाच्या पार्श्वभूमीची आधी तपासणी व्हावी. एप्रिल 2013 मध्ये त्या दिशेचं विधेयक सिनेटमध्ये आलं. बाजूने 54 मतं पडली, लागत होती 60. मग हे आकडे खरे तरी असतात का? ही शंका मात्र सँडी हुकपेक्षा बरीच जुनी आहे.

1959 मध्ये जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेने विचारलं होतं, पोलीस वगैरे अधिकृत माणसं सोडून इतरांना पिस्तूल बाळगायला बंदी असावी का? 60 टक्के ‘हो’ म्हणाले. 2021 मध्ये हाच होकार 19 टक्क्यांवर आलेला होता. म्हणजे मत खरोखर बदलतं. प्रत्येक चढउताराचं खापर पाहणीवर फोडून चालत नाही.

खरी गंमत झाली 1978 मध्ये. बंदूकमालकांच्या एनआरए या संघटनेने रिचर्ड वर्थलिन यांच्या कंपनीकडून पाहणी करून घेतली. हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रेगन यांचे चाचणीतज्ज्ञ. बंदुकांवर नियंत्रण हवं असणाऱ्यांनी काम दिलं ते राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे चाचणीतज्ज्ञ पॅट्रिक कॅडेल यांना. निकाल आले आणि दोन्ही बाजू म्हणाल्या, जनता आमच्याकडे! 1981 मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स राइट यांनी दोन्ही पाहण्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. जिथे प्रश्न सारखे, तिथे उत्तरंही जवळपास सारखीच निघाली! फरक होता तो काय विचारायचं, याच्या निवडीत. बंदूक बाळगण्याचा हक्क आहे का, कायद्याने गुन्हे कमी होतील का, हे एका बाजूचे आवडते प्रश्न. परवाना हवा का, नोंदणी हवी का, हे दुसऱ्या बाजूचे. हक्कही हवा आणि परवानाही चालेल, असं एकच माणूस म्हणू शकतो. मला तरी त्यात विसंगती दिसत नाही.

मतपेटीपाशी मात्र गणित फिरतं. 2016 मध्ये मेन राज्यात खासगी विक्रीतही तपासणी असावी का, यावर मतदान झालं. आधीच्या चाचण्यांत ‘हो’ची स्पष्ट आघाडी होती. प्रचारात प्रश्न आला तो शिकारीचा: मित्राला चार दिवस रायफल वापरायला दिली, तर तीही तपासणी करूनच द्यायची का? प्रस्ताव सुमारे 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी पडला. त्याच दिवशी नेवाडात तशाच प्रस्तावाने बाजी मारली, पण 10 हजारांहून कमी मतांनी.

फोनवर ‘हो’ म्हणायला काय जातं? हॉवर्ड शुमन आणि स्टॅनली प्रेसर या समाजशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकातच लोकांना पुढचा प्रश्न विचारला होता: या विषयावर तुम्ही कधी पत्र लिहिलंत, पैसे दिलेत? संख्येने कमी असलेले नियंत्रणाचे विरोधक त्यात समर्थकांच्या पुढे होते.