टाळ्या थांबवून ऐकलेली आयरिश दारूची गाणी

'आयरिश ड्रिंकिंग साँग' या नावातच निम्मा घोळ आहे. मराठीत प्रश्न लगेच पडतो: दारूवरचं गाणं, की दारू पिताना म्हणायचं गाणं? रेकॉर्ड विकणाऱ्यांनी दोन्ही एकाच कव्हरात घातली आणि तेच नाव पक्कं झालं.

'द वाइल्ड रोव्हर' घ्या. पेले आपटत म्हटलं जाणारं हे गाणं मीही कित्येक वर्षं तसंच ऐकलं. मग एकदा नुसते शब्द वाचले. सगळा पैसा दारूत उडवलेला माणूस ओळखीच्या गुत्त्यात जाऊन उधारी मागतो. मालकीण झिडकारते, तुझ्यासारखी गिऱ्हाइकं रोज येतात म्हणते. तो खिशातून सोन्याची नाणी काढतो. तिचे डोळे विस्फारतात, उत्तमातली दारू पुढे येते, मघाचं बोलणं थट्टेवारी जातं. तो मात्र घरी जाऊन आईबापांपुढे सगळं कबूल करणार आहे. पालुपद आहे 'आता पुन्हा कधीही नाही'. त्या 'कधीही नाही'नंतर क्षणभर जागा मोकळी राहते, नेमक्या तिथे लोक चार टाळ्या वाजवतात.

दारू सोडणाऱ्याच्या या गाण्याला 'ड्रिंकिंग साँग' म्हणणं मला अजिबात पटत नाही. 'आयरिश' हे विशेषणही जपूनच लावावं लागतं, कारण याच कथेचा धागा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात छापलेल्या एका गाण्यापर्यंत मागे जातो. संथ लयीत, वाद्यांशिवाय म्हटलं की ते पश्चात्तापाचं गाणं म्हणूनच ऐकू येतं.

या पश्चात्तापाला आयर्लंडमध्ये ऐकणारे होतेच. १० एप्रिल १८३८ रोजी कॉर्कमधल्या कॅप्युचिन या ख्रिस्ती संघाच्या एका पाद्र्याने दारू सोडण्याची शपथ घेतली आणि पुढच्या काही वर्षांत लाखो लोकांनी त्याच्यामागून ती घेतली. १८४५ पासून बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. पुढची बरीच 'आयरिश' गाणी समुद्रापलीकडे तयार झाली ती यामुळे. 'द रेअर ओल्ड माउंटन ड्यू' हे डोंगरात चोरून गाळलेल्या पॉचीन नावाच्या दारूचं गाणं न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी १८८२ मध्ये लिहिलं गेलं. शिडीवरून पडून मेलेला बांधकाम मजूर अंगावर व्हिस्की सांडताच उठून बसतो, ते 'फिनेगन्स वेक'सुद्धा १८६०च्या दशकात अमेरिकेतच छापलं गेलं. व्हिस्कीचं आयरिश नाव 'इश्का बाहा', म्हणजे जीवनाचं पाणी. हे ठाऊक असेल तर त्या मजुराच्या उठण्याचं नवल वाटत नाही.

आज कानात बसलेला दणदणीत ठेका त्याहूनही नवा आहे. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या एका आयरिश चौकडीने १९५९ मध्ये फक्त दारूच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. १९६१ मध्ये ते लोकरीचे पांढरे स्वेटर घालून अमेरिकन टीव्हीवर झळकले आणि बँजो, गिटार, एकसुरात पालुपद हा साचा तयार झाला. तोवर डब्लिनच्या कित्येक पबांत गायला मनाईच असे. मग १९६७ मध्ये 'द डब्लिनर्स' या गटाच्या 'सेव्हन ड्रंकन नाइट्स'वर आयर्लंडच्या सरकारी प्रसारणाने बंदी घातली. सात रात्रींपैकी पाचच गायल्या होत्या, उरलेल्या दोन फार चावट म्हणून गाळल्या होत्या, तरी बंदी आलीच. आणि ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत गाणं सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. गायकांनी ते पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या एका जुन्या पद्धतीच्या गायकाकडून उचललं होतं. त्या पद्धतीत गाणारा साथीशिवाय गातो. कधी ऐकणारा त्याचा हात हातात घेऊन हळूहळू गोल फिरवत राहतो. तिथे टाळ्यांना जागाच नाही.

त्याही मागे, अठराव्या शतकात, आयरिश भाषेतलं 'पिवळा बिटर्न' आहे. गोठलेल्या तळ्याकाठी कवीला बगळ्याच्या कुळातला एक पक्षी मरून पडलेला दिसतो. बर्फाखाली पाणी होतं, पण चोच पोचली नाही; तहानेने गेला. घरी प्रेयसी कवीला बजावते, पिणं सोड, नाहीतर फार दिवस जगणार नाहीस. तो म्हणतो, खोटं आहे ते, पिण्यानेच माझं आयुष्य वाढतं. हा पक्षी बघ, घशाला कोरड पडूनच गेला ना.