क्यूआर कोड किती मोठा छापायचा? आधी आतली घरं मोजा

गेल्या गणपतीत आमच्या बेळगावातल्या गल्लीत मंडळाच्या फ्लेक्सवर क्यूआर कोड छापला होता, 10 सेंटीमीटरचा, आणि रस्त्यापलीकडून म्हणजे तीनेक मीटरवरून लोक फोन वर करून उभे, पण कोड काय लागेना. मी जवळ जाऊन बघितलं तर आत बारीक बारीक काळी-पांढरी चौकोनी घरं, एका ओळीत 57!

एवढी घरं आली कुठनं? कोडात कार्यक्रमाची माहिती मराठीतच भरलेली, काना-मात्रा धरून साधारण 70 अक्षरं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा सहसा 3 बाइट (माहिती मोजायचं माप) खातं, म्हणजे नुसतं 'बेळगाव' 18 बाइट, तेच इंग्रजी स्पेलिंगमधलं बेलगावी 8 मध्ये बसतं. मजकूर वाढला की घरं वाढतात. सगळ्यात लहान कोड 21 बाय 21 चा, मोठा 177 बाय 177 चा. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी हा कोड बनवला तो गाडीच्या पार्टसाठी, तिथं स्कॅनर हातभर अंतरावर असायचा, आपल्यासारखा रस्त्यापलीकडं नाही.

कॅमेऱ्याला अख्खा कोड किती मोठा आहे याचं काही नाही हो, त्याला एकेक काळं-पांढरं घर वेगळं दिसलं पाहिजे. साधा हिशोब असा, जितक्या लांबून स्कॅन करणार त्याच्या दहावा भाग रुंदी धरा. हातात धरायच्या कार्डाला अडीच सेंटीमीटर पुरतात, 3 मीटरला 30 सेंटीमीटर. पण हे 25 घरांच्या आसपासच्या कोडाला. 30 सेंटीमीटरमध्ये 25 घरं म्हणजे एक घर 12 मिलिमीटरचं, तेवढंच घर 57 घरांच्या कोडाला द्यायचं तर 68 सेंटीमीटर लागतील, आणि आमच्या फ्लेक्सवर एक घर जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचं होतं!

आणि कडेची पांढरी जागा कृपा करून खाऊ नका. चारी बाजूंनी 4-4 घरांएवढी मोकळी जागा पाहिजेच, नाहीतर कोपऱ्यातले ते तीन मोठे चौकोन फोनला सापडायला अवघड जातात, आणि फ्लेक्सवाले नेमकी तिथंच झेंडूची नक्षी बसवतात.

यंदा मजकूर काढून छोटी लिंक घातली, 25 घरं झाली, कोड 30 सेंटीमीटरचा, कड धरून 40. आधी झेरॉक्सच्या दुकानात कागदाचे तुकडे जोडून खऱ्या मापाचा प्रिंट काढला, भिंतीला चिकटवला आणि समोरच्या कट्ट्यावरून संध्याकाळच्या उजेडात गल्लीतल्या सगळ्यात जुन्या फोननं लावून बघितला. लागला, मगच फ्लेक्सची ऑर्डर दिली.