लाकडी सराव तलवार

ऐतिहासिक तलवारबाजी शिकताना पोलादी तलवारीऐवजी वापरली जाणारी, तिच्याच मापाची आणि शक्यतो तिच्याच घडणीची लाकडी तलवार. इंग्रजीत तिला ‘वेस्टर’ म्हणतात, तर जपानी परंपरेत ‘बोक्केन’ किंवा ‘बोकुतो’. पवित्रे, पदन्यास, वाराची रेषा आणि अंतराचा अंदाज अंगवळणी पाडण्यासाठी ती उत्तम असते. पूर्ण ताकदीच्या मोकळ्या झुंजीसाठी ती नसते. ती विकत घेताना होणाऱ्या बहुतेक चुका हा भेद लक्षात न घेतल्याने होतात.

ही प्रथा फार जुनी आहे. रोमन लष्करी लेखक वेगेशियस सांगतो, की नवशिक्या सैनिकांना खऱ्या शस्त्रांच्या दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि वेताची ढाल देऊन जमिनीत रोवलेल्या सहा फुटी खांबावर सराव करायला लावत. निवृत्त होणाऱ्या ग्लॅडिएटरला (रोमन आखाड्यात झुंजणाऱ्या योद्ध्याला) मिळणारी ‘रूडिस’ हीदेखील लाकडी तलवारच. सोळाव्या शतकातील जर्मन तलवारबाजीच्या शाळांत लाकडाचा किंवा चामड्याचा, रुंद वक्र पात्याचा ‘दुसाक’ शिकवला जाई. तलवारबाजीचा आचार्य योआखिम मायर याच्या 1570 च्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र भाग आहे. इंग्लंडमध्ये वेताची परज लावलेली अ‍ॅश लाकडाची काठी, म्हणजे ‘सिंगलस्टिक’, तलवारीच्या सरावासाठी रूढ झाली आणि पुढे स्वतंत्र खेळ बनली. 1904 च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये तिची स्पर्धाही झाली.

लाकूड मऊ, म्हणून निरुपद्रवी, हा समज धोकादायक आहे. जपानी परंपरेनुसार 1612 मध्ये तलवारबाज मियामोतो मुसाशी याने प्रतिस्पर्धी सासाकी कोजिरो याला ठार केले ते लाकडी तलवारीनेच. लाकडी पाते लवत नाही. सरावासाठी बनवलेल्या लवचीक पोलादी तलवारीचे (फेडरचे) पाते भोसकताना वाकते आणि आघात शोषून घेते. लाकडाच्या टोकामागे मात्र सगळा जोर सरळ पोहोचतो. बोटांवर बसलेला वार हाड मोडू शकतो. म्हणून जोडीने सराव करताना जाड हातमोजे आणि जाळीचा मुखवटा हवाच, आणि जोराचे भोसकणे तर मुखवटा असूनही टाळावे. क्रीडा तलवारबाजीचा साधा मुखवटा बारीक, लवचीक पात्यांसाठी असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला तो काहीच संरक्षण देत नाही.

पोलाद लाकडापेक्षा सुमारे दहापट घन असते. त्यामुळे खऱ्या तलवारीच्या पात्याइतके पातळ पाते लाकडात करता येत नाही. ते जाड ठेवावे लागते आणि तसे ठेवूनही बहुधा हलकेच राहते. दोन हातांनी चालवायच्या युरोपीय लाँगस्वॉर्डची लांबी साधारण 110 ते 130 सेंमी आणि वजन 1.2 ते 1.6 किलो असते. तिचा तोल मुठीवरच्या आडपट्टीपासून बहुधा 5 ते 12 सेंमीवर येतो, कारण मुठीच्या तळाचा पोलादी गोळा पात्याला मागे खेचून धरतो. लाकडी गोळ्यात तेवढे वजन नसते, म्हणून अखंड लाकडी तलवार टोकाकडे जड लागते. याच कारणाने काही कारागीर लाकडी पात्याला पोलादी गोळा आणि आडपट्टी बसवतात. दीर्घ सरावासाठी अशी तलवार जास्त खरी वाटते. मात्र पोलादी आडपट्टीची टोके जोडीदाराच्या हाताला लागू शकतात, तेव्हा ती गोलसर आहेत ना हे पाहावे. रेपियरसारखी लांब, सडपातळ तलवार लाकडात करण्याचा हट्ट धरू नये. ती एकतर मोडते, नाहीतर सोटा होते.

लाकूड निवडताना कठीणपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यात महत्त्वाचे. इपेसारखे लाकूड अत्यंत कठीण असते, पण सरावाच्या तलवारीसाठी चिवट लाकूड हवे: वार झेलून किंचित दबणारे, अचानक न फाटणारे. कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे ज्या लाकडाचे करतात तेच इथे कामाला येते. हिकरी त्यात पहिली, त्यानंतर अ‍ॅश. पांढरा ओक चांगला. बीच हलक्या सरावाला पुरते. तांबड्या ओकची छिद्रे मोठी असतात आणि तो रेषेने फाटतो, म्हणून दिसायला देखणा असला तरी दुसऱ्या फळीतलाच. जपानी बोक्केनसाठी वापरतात तो ‘शिरोकाशी’ ओक मात्र घट्ट आणि भरवशाचा आहे.

लाकडाच्या नावापेक्षाही त्याचे तंतू महत्त्वाचे. ते मुठीपासून टोकापर्यंत सरळ धावायला हवेत. कडेला निसटणारी प्रत्येक रेषा म्हणजे पुढे जाऊन फाटण्याची वाट. हिकरी आणि अ‍ॅशमध्ये वाढीच्या रुंद वर्तुळांचे, म्हणजे जलद वाढलेल्या झाडाचे लाकूड बहुधा अधिक बळकट असते. दाट वर्तुळे म्हणजे मजबुती, हा समज या दोन जातींत उलटा पडतो. पात्यात गाठ असेल तर ती तलवार घेऊच नये. आडपट्टी त्याच फळीतून कोरलेली असेल तर तिच्यात तंतू आडवे जातात आणि ती पहिल्या काही जोरदार वारांतच तुटते. वेगळ्या तुकड्याची, खाचेत घट्ट बसवलेली आडपट्टी टिकते.

हातात घेतल्यावर पाते डोळ्यांच्या रेषेत धरून वाक किंवा पीळ आहे का ते पाहावे. धारेच्या बाजूवर बोट फिरवावे: ती गोलसर, जाड असावी, टोकही गोल. दुरून मागवायची असेल तर कारागिराला प्रत्यक्ष वजन, आडपट्टीपासून तोलाचे अंतर आणि धारेची जाडी विचारावी, आणि पात्याच्या टोकाचे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे. तंतूंची दिशा तिथे दिसते. याची उत्तरे द्यायला जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नये. जोडीने सराव करणाऱ्यांनी दोन्ही तलवारी एकाच लाकडाच्या, सारख्या वजनाच्या घ्याव्यात. नाहीतर कठीण लाकूड मऊ लाकडाच्या ढलप्या काढते. पोलादी तलवारीशी तर लाकडी तलवार भिडवूच नये.

लांबीबाबत इटालियन आचार्य फिलिप्पो वादी याने 1480 च्या दशकात सांगितलेले माप आजही उपयोगी आहे: टोक जमिनीवर टेकवून उभी धरली असता दोन हातांची तलवार काखेपर्यंत यावी. वेगेशियसच्या दुप्पट वजनाचा मोह मात्र आवरावा. तो सराव एकट्याने खांबावर करायचा होता. समोर माणूस असताना जड तलवार वेळेवर थांबवता येत नाही, आणि मनगट व कोपरही दुखावतात.

पोलादी धारा एकमेकींत रुततात आणि त्यातून पाते दाबून पुढची हालचाल ओळखण्याची कला उभी राहते. लाकूड उडते किंवा घसरते. म्हणून पात्याला पाते भिडल्यानंतरचे डावपेच लाकडावर अर्धवटच कळतात, आणि त्यासाठी पुढे बोथट पोलाद घ्यावेच लागते.

देखभाल सोपी आहे. अधूनमधून जवसाच्या उकळलेल्या तेलाचा हात द्यावा आणि फडके मोकळे पसरून वाळवावे, कारण तेलाने भिजलेले चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. चकाकणारे व्हार्निश टाळावे. त्याखाली चीर झाकली जाते आणि मूठ घामाने निसटते. उठलेली कुसळे काचकागदाने घासावीत. उन्हात किंवा गरम हवेच्या झोतात तलवार ठेवली तर पाते वाकते. प्रत्येक सरावाआधी चीर शोधावी. चीर दिसली की गोंद लावून पुन्हा वापरू नये. शाबूत राहिलेला तुकडा कापून त्याचा सरावाचा खंजीर करता येतो.