मुकुटाची गोष्ट खरी की तराजूची? पाण्यात बुडवून घनता काढायची पद्धत आली कुठून

आर्किमिडीज अंघोळीच्या टबातून उठून "युरेका" ओरडत रस्त्यानं उघडाच धावला ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण गंमत म्हणजे त्या गोष्टीत उत्प्लावन (पाणी वस्तूला वर ढकलतं ते) कुठेच नाही. ती सांगितलीय विट्रुवियस नावाच्या रोमन आर्किटेक्टनं, तीही आर्किमिडीज गेल्यावर (इ.स.पू. 212) दोनेकशे वर्षांनी. त्यात काय, तर काठोकाठ भरलेल्या भांड्यात राजाचा सोन्याचा मुकुट बुडवला, तेवढ्याच वजनाच्या शुद्ध सोन्यापेक्षा जास्त पाणी सांडलं, म्हणजे सोनारानं चांदी मिसळलीय, बस. पाण्यात वजन कमी भरतं हा विषयच नाही.

आणि हे जमलं तरी असतं का? मुकुटाचं वजन विट्रुवियस देत नाही, आपण 1 किलो धरू. शुद्ध सोन्याची घनता घन सेंमीला 19.3 ग्रॅम, म्हणजे आकारमान साधारण 52 घन सेंमी. 30 टक्के चांदी घातली की ते 65 च्या आसपास जातं. फरक 13 घन सेंमी. 20 सेंमी व्यासाच्या भांड्यात एवढ्यानं पाणी अर्धा मिलिमीटरसुद्धा चढत नाही, वर काठावर पाणी फुगून उभं राहतं ते वेगळंच, त्यामुळे बघून सांगणं अवघडच. पण तोच मुकुट तराजूच्या एका बाजूला नि 1 किलो सोनं दुसऱ्या बाजूला टांगून दोन्ही पाण्यात बुडवले, तर मुकुटाची बाजू 13 ग्रॅमनं हलकी होते. एवढं तर साधा तराजूही दाखवतो.

हीच शंका गॅलिलिओला आली होती. 1586 मध्ये, वय 22, त्यानं एका छोट्या लेखात लिहिलं की आर्किमिडीजनं असं ढोबळ काही केलं नसणार, तराजूच वापरला असणार. त्यानं स्वतःचा तराजूही सुचवला, दांडीवर बारीक तार घट्ट गुंडाळायची, वजन किती सरकवलं ते वेढे मोजून कळणार, पण वेढे इतके बारीक की डोळ्यांना मोजता येईनात, मग टोकदार सुरी त्यावरून हळू ओढायची नि टिकटिक कानानं मोजायची! मला तर टबापेक्षा हेच भारी वाटतं.

आर्किमिडीजनं नियम लिहिला तो तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या ग्रंथात, बुडालेल्या वस्तूचं वजन तिनं बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतकं कमी होतं. मुकुटाचा तिथे उल्लेखही नाही. आणि ग्रंथाची मूळ ग्रीक प्रत हरवलेली, शतकानुशतकं काम चाललं 1269 च्या लॅटिन भाषांतरावर. ग्रीक मजकूर सापडला थेट 1906 मध्ये, कॉन्स्टँटिनोपलला, हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाला, खरवडून वर प्रार्थना लिहिलेल्या चामड्याच्या पानांवर.

मधल्या काळात युरोपबाहेर काम जोरात होतं. इ.स. 1000 च्या सुमारास अल-बिरुनी या विद्वानानं धातू नि रत्नं बाजूला तोटी असलेल्या भांड्यात टाकून सांडलेलं पाणी तोललं, म्हणजे विट्रुवियसचीच आयडिया, फक्त भांडं वर निमुळतं केलं की थोडं पाणीही नीट दिसतं. 1121 च्या सुमारास मर्वमध्ये (आजच्या तुर्कमेनिस्तानात) अल-खाझिनी या विद्वानानं तराजूवर अख्खा ग्रंथ लिहिला, त्याच्या तराजूला पाच पारडी होती, पाण्यात तोलायचं पारडं धरून.

आज हे काम डिजिटल काट्यावर होतं. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून शून्य करा, वस्तू दोऱ्यानं पूर्ण बुडवा, पण तळाला नि कडेला टेकू देऊ नका. पाणी वस्तूला वर ढकलतं तेवढीच वस्तू पाण्याला खाली दाबते, त्यामुळे काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढेच जवळपास घन सेंमी आकारमान. कोरडं वजन त्यानं भागलं की घनता. जवळपास यासाठी की 25 अंशाला पाण्याची घनता 1 नसून 0.997 असते, बारीक काम असेल तर काट्यावरचे ग्रॅम 0.997 नं भागा. आणि वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटका, नाहीतर आकारमान फुकटच वाढून येतं.