सार्वजनिक वित्तव्यवस्थापन (विकसनशील देशांतील)

सरकारने पैसा कसा उभा करायचा, किती कर्ज काढायचे आणि खर्च कशावर करायचा हे ठरवणे म्हणजे राजकोषीय धोरण. ठरलेला पैसा ठरलेल्या कामापर्यंत पोचवणे आणि त्याचा हिशेब देणे म्हणजे सार्वजनिक वित्तव्यवस्थापन. अर्थसंकल्पाच्या दिवशी पहिल्याची चर्चा घरोघरी होते, दुसऱ्याकडे फारसे कोणी बघत नाही. विकसनशील देशांत मात्र घोडे पेंड खाते ते बहुधा दुसऱ्यापाशीच. सभागृहाने मंजूर केलेली तरतूद आणि शाळेच्या किंवा दवाखान्याच्या हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कम यांत किती अंतर आहे, हा या विषयाचा गाभा आहे.

हे अंतर युगांडात मोजले गेले. तिथे केंद्र सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे ठरावीक अनुदान देत असे. कागदावर शिक्षणाचा खर्च वाढत होता, पण शाळांत त्याचा मागमूस नव्हता. म्हणून 1996 मध्ये सुमारे 250 शाळांच्या नोंदी तपासून पैशाचा माग काढण्यात आला. 1991 ते 1995 या काळात मंजूर अनुदानापैकी सरासरी अवघे 13 टक्के शाळांपर्यंत पोचल्याचे आढळले. बहुतेक शाळांना तर एक छदामही मिळाला नव्हता; पैसा जिल्हा पातळीवरच जिरत होता. त्यानंतर जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांतून छापल्या जाऊ लागल्या आणि शाळेला आलेल्या पैशाचा तक्ता शाळेच्याच भिंतीवर लावणे सक्तीचे झाले. आपल्या नावे किती रक्कम निघाली हे मुख्याध्यापकांना आणि पालकांना कळू लागले. 2001 पर्यंत पोचणाऱ्या रकमेचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेले. याचे सगळे श्रेय वर्तमानपत्रांना देता येणार नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला, कारण त्याच काळात अनुदानवाटपाची पद्धत आणि शिक्षणव्यवस्थाही बदलत होती. आक्षेप रास्त आहे. तरीही पैसा नेमका कुठे अडतो हे शेवटच्या टोकाला जाऊन पाहण्याची रीत या पाहणीने घालून दिली, आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली.

या क्षेत्रातील अभ्यासक ॲलन शिक यांनी चांगल्या अर्थव्यवहाराच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत: एकूण खर्चाला लगाम, प्राधान्याप्रमाणे वाटप आणि खर्च केलेल्या पैशातून होणारे चोख काम. 1998 मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. खातेप्रमुखांना खर्चाची मोकळीक देऊन फक्त निष्पत्ती मागायची, अशा न्यूझीलंडच्या सुधारणा तेव्हा जगभर गाजत होत्या. बहुतेक विकसनशील देशांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे शिक यांचे म्हणणे होते. जिथे रोखीचा हिशेबही धड लागत नाही, तिथे निष्पत्तीवर आधारित अर्थसंकल्प म्हणजे पायाशिवाय चढवलेला मजला. प्रस्तुत लेखकालाही अनुभवाने हेच पटलेले आहे: मंजूर झाले तेवढे वेळेवर देणे ही पहिली सुधारणा, बाकीचे नंतर.

वेळेवर न मिळालेला पैसा काय करतो, हे एका साध्या बिलातून दिसते. दवाखान्याचे छप्पर दुरुस्त करणारा ठेकेदार काम पुरे करून बिल टाकतो. तरतूद असते, कार्यादेश असतो, कामाचे मोजमापही झालेले असते; पण कोषागारात रोख नसल्याने बिल पुढच्या वर्षात ढकलले जाते. दरम्यान त्याने उसनवारीवर मजुरी भागवलेली असते. पुढच्या निविदेत तो हे व्याज धरूनच दर भरतो, किंवा निविदाच भरत नाही आणि मैदान ओळखीपाळखीवर बिल काढून घेणाऱ्यांना मोकळे राहते. थकीत देयके ही अशी न दिसणारी कर्जे असतात. रोख हिशेबात त्यांची नोंद नसल्याने तूट आहे त्यापेक्षा कमी दिसते.

झांबियाने 1993 मध्ये जमा होईल तेवढेच खर्चायचे, असा रोखीचा अर्थसंकल्प सुरू केला. भडकलेली महागाई आवरायला त्याची मदत झाली. पण दर महिन्याला कोणत्या खात्याला किती मिळेल याचा भरवसा उरला नाही. ज्यांचा आवाज मोठा त्यांना मंजुरीपेक्षा जास्त आणि सामाजिक सेवांना कमी, असे होऊ लागले. एकूण खर्चाला लगाम बसला, पण प्राधान्यक्रम मोडला.

रोखीच्या टंचाईमागे कधीकधी निव्वळ अव्यवस्था असते. प्रत्येक सरकारी विभागाची, मंडळाची, प्रकल्पाची वेगवेगळ्या बँकांत स्वतंत्र खाती असतात. एका खात्यात पैसा पडून असतो आणि त्याच दिवशी सरकार व्याजाने कर्ज उचलत असते. यावर उपाय म्हणजे एकल कोषागार खाते: सरकारचा सगळा पैसा शक्यतो मध्यवर्ती बँकेतल्या एकाच खात्यात, आणि विभागांसाठी फक्त पोटनोंदी. नायजेरियात केंद्रीय यंत्रणांची अशी हजारो खाती होती. 2015 मध्ये तिथे ही पद्धत सर्व केंद्रीय यंत्रणांना सक्तीची करण्यात आली. ऐकायला रूक्ष असली, तरी यासारखी फलदायी सुधारणा क्वचितच सापडते.

संगणकप्रणालीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. तरतूद, देयक आणि लेखा एकत्र बांधणाऱ्या वित्तीय माहितीप्रणालीवर अनेक देशांनी भरपूर पैसा ओतला. मलावीत 2013 मध्ये त्याच प्रणालीचा वापर करून लूट झाली. न पुरवलेल्या मालाची देयके मंजूर व्हायची, रक्कम निघाली की नोंद पुसली जायची. एप्रिल ते सप्टेंबर 2013 या सहा महिन्यांत 13 अब्ज क्वाचांहून (क्वाचा हे मलावीचे चलन) अधिक रक्कम गेल्याचे लेखापरीक्षणात दिसले, आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला दिली जाणारी मदत थांबवली. नोंद कोण करतो, मंजुरी कोण देतो आणि पुसण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न संगणकाच्या आधीचे आहेत.

धोरणाच्या बाजूची जुनी दुखणी दोन. पहिले म्हणजे चांगल्या काळात उधळण आणि वाईट काळात कपात. तांबे, तेल, कॉफी यांचे भाव चढले की खर्च वाढतो आणि पडले की नेमकी गरजेच्या वेळी कात्री लागते. चिलीने 2001 पासून तांब्याच्या चालू भावावर नव्हे, तर स्वतंत्र तज्ज्ञांनी अंदाजलेल्या दीर्घकालीन भावावर खर्च बेतायला सुरुवात केली आणि 2006 मध्ये त्याला कायद्याचा आधार दिला. तेजीच्या वर्षांत खर्च वाढवा म्हणून सरकारवर मोठा दबाव होता. तो झुगारून बाजूला ठेवलेला पैसा 2009 च्या मंदीत कामी आला.

दुसरे दुखणे करपायाचे. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 15 टक्के करवसुली हा किमान टप्पा मानला जातो आणि कित्येक देश त्याखाली आहेत. जॉर्जियाने 2004 नंतर कर कमी आणि सोपे केले, वसुलीतला भ्रष्टाचार मोडला, आणि 2003 मध्ये सुमारे 12 टक्के असलेले प्रमाण 2008 पर्यंत दुपटीवर गेले. श्रीलंकेने उलटी वाट धरली. 2019 च्या अखेरीस मूल्यवर्धित कर 15 वरून 8 टक्क्यांवर आणला. महसूल कोसळला, त्यात कोरोनाच्या साथीने पर्यटन बुडाले, आणि एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. जानेवारी 2024 मध्ये तोच कर 18 टक्के झाला. म्हणजे सवलतीची किंमत सामान्य ग्राहकाने व्याजासकट मोजली.

कर्जाचा प्रश्न आकड्याइतकाच उघडपणाचा आहे. मोझांबिकमध्ये 2013-14 साली सरकारी कंपन्यांनी शासनाच्या हमीवर सुमारे 2 अब्ज डॉलरची कर्जे उचलली, आणि त्यांतला मोठा भाग संसदेपासून लपवून ठेवला. 2016 मध्ये तो उघड झाल्यावर मदत थांबली, चलन घसरले आणि पुढच्या वर्षी रोख्यांचा हप्ता चुकला. हमी म्हणजे खर्च नव्हे, अशी समजूत असते तिथे ही वेळ कोणावरही येऊ शकते.

सुधारणांची प्रगती मोजण्यासाठी 2001 मध्ये जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय आयोग आणि चार देशांच्या सरकारांनी 'पेफा' (सार्वजनिक खर्च आणि वित्तीय उत्तरदायित्व) हा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या 2016 च्या आराखड्यात 31 निर्देशक असून 'ए' ते 'डी' अशी श्रेणी मिळते. त्यातून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे: कायदे आणि अर्थसंकल्पाची तयारी सुधारते, अंमलबजावणी आणि तपासणी मागे राहते. कायदा बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून घेता येतो. हजारो लिपिकांची रोजची सवय तशी आणता येत नाही.

लेखापरीक्षण हा त्यातला सर्वांत दुबळा दुवा. अहवाल सभागृहात येईपर्यंत सही करणारा अधिकारी बदललेला असतो आणि लोकलेखा समितीच्या शिफारशींवर कार्यवाही झाली की नाही हे कोणी विचारत नाही. फिलिपिन्सच्या लेखापरीक्षण आयोगाने 2012 मध्ये यावर वेगळी वाट काढली आणि नागरिकांनाच पथकात घेतले. आता रस्ता किंवा पूरनियंत्रणाचे काम तपासायला लेखापरीक्षक जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर नागरी संघटनांची माणसेही कामाच्या जागी उतरतात आणि कागदावरचे काम जमिनीवर झाले आहे का ते स्वतः पाहतात.