कार्डावरची गुलाबी रेघ

गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या संध्याकाळी रद्द झालं. तालुक्याच्या गावातलं छोटं खासगी हॉस्पिटल. रक्ताच्या रिपोर्टात एचआयव्हीपुढे 'रिअ‍ॅक्टिव्ह', म्हणजे लागणीचा संशय, असं लिहिलेलं, आणि ते सांगितलं गेलं काउंटरवर, जावयाला, चार लोकांसमोर. आठ दिवस त्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मग कुणीतरी त्यांना सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात नेलं. तिथं निदान आलं निगेटिव्ह. जावईबापूंचा निकाल तयार होता : "किट डुप्लिकेट असणार."

किटची बाजू घ्यायला कुणी नाही, म्हणून मी घेतो. हे किट म्हणजे एक छोटं कार्ड; त्याला लागण आहे असं वाटलं की त्यावर गुलाबी रेघ उमटते.

समजा, किट उत्तम आहे. लागण झालेल्या एकालाही ते सोडत नाही आणि लागण नसलेल्या १,००० जणांपैकी ९९५ जणांना बरोबर 'नाही' म्हणतं. चूक हजारी फक्त पाच. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. तेव्हा सर्वसाधारण १०,००० लोक तपासले तर खरी लागण २० जणांना. उरलेल्या ९,९८० मध्ये हजारी पाच, म्हणजे सुमारे ५० जणांच्या कार्डावर उगाचच रेघ उमटणार. एकूण रेघा ७०, त्यातल्या खऱ्या २०! जिथे दहातल्या एकाला लागण आहे अशा १०,००० जणांच्या गटात हेच किट नेलं, तर खऱ्या रेघा १,००० आणि खोट्या फक्त ४५. किट तेच, चूक तेवढीच. रांगेत कोण उभं आहे, यावर रेघेचा अर्थ बदलला.

पण ही खोटी रेघ येते कुठून? हा माझा आवडता भाग आहे, त्यामुळे थोडं लांबेल. कार्डाला विषाणू दिसत नाही. ते विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधतं (ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून ताजी लागण निसटू शकते, तो विषय वेगळा). कार्डातल्या पट्टीवर एका जागी एचआयव्हीच्या आवरणातली प्रथिनं, उदाहरणार्थ जीपी-४१, रेघेसारखी चिकटवलेली असतात. टीपकागदावर शाई चढते तसं रक्तातलं पाणी पट्टीवरून सरकतं आणि सोबत सोन्याचे अतिसूक्ष्म कण नेतं. प्रतिपिंड एका हातानं सोन्याचा कण धरतं, दुसऱ्यानं पट्टीवरचं प्रथिन. कण तिथं साचतात आणि रेघ दिसते. गुलाबी, कारण सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लालसर दिसतं.

आता गोम. हे प्रथिन पुष्कळदा ई-कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतलेलं असतं. शुद्ध करूनही जिवाणूचा अंश मागे राहिला आणि एखाद्याच्या रक्तात त्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं असली, तर तीच तिथं चिकटतात. दुसऱ्या एखाद्या संसर्गानंतर किंवा स्वयंप्रतिकार विकारातही (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तेव्हा) अशी 'चिकट' प्रतिपिंडं सापडतात. म्हणजे या चुकीचं मूळ त्या माणसाच्या रक्तातच असतं. त्याच कंपनीचं कार्ड पुन्हा दहा वेळा वापरलंत तरी बहुधा दहाही वेळा रेघ येईल. दुसरी चाचणी वेगळ्या प्रथिनाची, वेगळ्या तत्त्वाची हवी. तशी घेतली तर ५० खोट्या रेघांतल्या पुन्हा हजारी पाच उरतात : ०.२५. तिसऱ्या वेगळ्या चाचणीनंतर ०.००१२५. हा गुणाकार चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. आयसीटीसीत तीन वेगवेगळी किटं ठेवतात ती याचसाठी.

भारतातलं पहिलं निदानही एका चाचणीवर सोडलं नव्हतं. १९८६ मध्ये चेन्नईत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी गोळा केलेले नमुने वेल्लोरला एलायझा चाचणीत पॉझिटिव्ह आले. त्यावर अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉट या वेगळ्याच पद्धतीनं शिक्कामोर्तब झालं. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. सरकारी नोकरीनंतर १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं चेन्नईत एड्ससाठी जे केंद्र काढलं, ते सरकारी नव्हतं.

मधल्या त्या आठ दिवसांत एकानं काकूंना 'एड्स मुळापासून बरा' करणारं चूर्ण आणून दिलं होतं. त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं, तर आयसीटीसीतल्या निगेटिव्ह रिपोर्टचं श्रेय चूर्णाला गेलं असतं! त्या ५० जणांच्या जिवावर कितीतरी वैद्यबुवांची दुकानं चालत असतील. औषध नियमांच्या 'अनुसूची जे'नुसार एड्स बरा करण्याचा दावा औषधावर करताच येत नाही, आणि त्या यादीत पहिलं नाव एड्सचंच आहे.

खासगी दवाखान्यांना या कामात घ्यायलाच हवं, कारण आपल्याकडे बहुतेक लोक ताप आला की आधी तिथंच जातात. 'नाको'ची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, भागीदारीची योजना त्यासाठीच आहे : किट आणि प्रशिक्षण सरकारचं, जागा आणि माणसं हॉस्पिटलची. तिथं एकच चाचणी करायची, तिला निदान म्हणायचं नाही, आणि रेघ आली की समजावून सांगून चिठ्ठी देऊन आयसीटीसीत पाठवायचं. सक्ती मात्र कुठेच नाही. सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला, चाचणीची अट घालून उपचार अडवायला आणि रिपोर्ट चारचौघांत फोडायला बंदी आहे, आणि ती खासगी हॉस्पिटलांनाही लागू आहे.

ती चिठ्ठी खोटी रेघ आलेल्या ५० जणांना हवीच, पण खरी लागण असलेल्या २० जणांना जास्त. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, २००४ पासून औषधं फुकट मिळतात आणि २०१७ पासून निदान होताच सुरू करतात. खासगी काउंटरवरून घाबरून घरी गेलेला माणूस तिथवर पोचतच नाही.

काकूंना चिठ्ठी कुणी दिलीच नव्हती. आयसीटीसीचा पत्ता त्यांना भाजीवालीकडून कळला.